पुन्हा पुन्हा ‘उन्हाळी’ लागते तेव्हा...

‘उन्हाळी लागणे’ हा आपल्याकडचा जुना शब्द. रिपोर्टवर ‘यूटीआय’ लिहिलेलं असतं, शिकलेल्या मुली ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणतात. पण शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतून दवाखान्यात येणारी बाई आधी गुडघे दुखतात सांगते, मग भूक लागत नाही सांगते आणि उठता उठता हळूच म्हणते, “मॅडम, उन्हाली लागलीय.” सोबत सासू किंवा दीर असला तर तेवढंही म्हणत नाही. मग नवऱ्याला मेडिकलमध्ये पाठवते. तो तिथे ‘लघवीच्या जळजळीची गोळी’ मागतो आणि त्याला चार गोळ्या मिळतात. जळजळ थांबते. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा सुरू होते.

गेली अनेक वर्षं शहापुरात दवाखाना चालवताना आणि आठवड्यातून एकदा मुरबाडला बसताना मी हे सतत पाहते आहे. एकदा उन्हाळी लागणं हे सर्दी-खोकल्याइतकंच सर्वसाधारण. ती पुन्हा पुन्हा लागणं हा मात्र वेगळा आजार समजायला हवा. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा त्रास झाला, तर डॉक्टरी भाषेत त्याला ‘वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग’ म्हणतात. अशा बायकांसाठी एक जुनी, अँटिबायोटिक नसलेली गोळी गेल्या काही वर्षांत पुन्हा चर्चेत आली आहे. आज तिच्याविषयी सांगायचं आहे. पण ती गोळी कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे कळायला आधी आजार समजून घेऊ या.

उष्णता नव्हे, जंतू

‘उन्हाळी’ या नावामुळे आपला एक समज झाला आहे, की ‘अंगात उष्णता वाढली’ म्हणून जळजळ होते. म्हणून सब्जा, वाळा, धने-जिऱ्याचं पाणी. हे काही वाईट नाही, त्या निमित्ताने पोटात पाणी तरी जातं. पण खरं कारण बहुतेक वेळा जंतू हेच असतं. त्यातला मुख्य म्हणजे ‘ई. कोलाय’. हा आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात राहतो. तिथे तो गुण्यागोविंदाने नांदतो, मूत्राशयात शिरला की उपद्रव करतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब आणि शौचाच्या जागेच्या अगदी शेजारी. पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट लांब. त्यामुळे हा त्रास बायकांना जास्त होतो. यात बाईचा दोष नसतो, चारित्र्याचा तर संबंधच नसतो. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नव्याने लग्न झालेल्या मुलींना हा त्रास झाला की घरात कुजबुज सुरू होते.

निसर्गाने यावर एक सोपा उपाय दिलेला आहे. लघवी आली की जायचं. मूत्राशय भरतं, रिकामं होतं, आणि त्या प्रवाहाबरोबर जंतू धुऊन जातात. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवली, की त्या जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो.

धरण उशाला, कोरड घशाला

आता आपल्या भागाचा विचार करा. १८९२ साली पूर्ण झालेलं तानसा धरण शहापूर तालुक्यात, भातसाही शहापूर तालुक्यातच. मुंबईच्या नळाला येणारं पाणी आपल्या डोंगरातलं. मुरबाडकडे बारवी. आणि एप्रिल-मे आला की याच दोन तालुक्यांतल्या गावपाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांची रांग. जिला प्रत्येक हंडा डोक्यावर आणावा लागतो, ती तो आधी चुलीसाठी, मग पोरांसाठी, मग गुरांसाठी वापरते. स्वतःच्या पिण्याचा हिशेब शेवटी. शासकीय योजनेतून घरोघर शौचालयं आली, पण भांडंभर पाणी ओतायचं कुठून, हा प्रश्न उन्हाळ्यात तसाच राहतो. मग पुन्हा अंधार पडण्याची वाट पाहणं आलं.

आसनगाव, आटगाव, खर्डीहून लोकलने कामाला जाणाऱ्या बायकांची तऱ्हा आणखी वेगळी. आसनगावहून सीएसएमटी म्हणजे जवळजवळ दोन तास. लोकलमध्ये शौचालय नसतं. त्यामुळे सकाळी चहासुद्धा अर्धा कप. मुरबाडला रेल्वे नाही, तिथल्या बायका एसटी नाहीतर जीपने कल्याण गाठतात. चालकाला “जरा थांबवा” म्हणायची हिंमत किती जणींत असते? मुंबईत काही संघटनांनी २०११च्या सुमारास ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा ते नाव ऐकून पुष्कळांनी तोंडावर हात ठेवला होता. पण प्रश्न अगदी खरा होता. बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या बाईला स्वच्छ, कडी असलेली, पाणी असलेली मुतारी मिळते का, हे आपापल्या गावात जाऊन बघा.

वीटभट्टीवर काम करणारी एक कातकरी बाई मला म्हणाली होती, “पानी पिलं का जावं लागतं, नि जायाला जागा कुठं हाय?” पाणी न पिण्याचं एवढं नेमकं कारण मला वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

पिशवीतल्या चिठ्ठ्या

वारंवार त्रास होणाऱ्या बायका येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं घेऊन येतात. मी ती टेबलावर पसरते. पाच-सहा वेगवेगळी अँटिबायोटिक्स, कुठे तीन दिवस, कुठे दोनच. लघवीचा कल्चर रिपोर्ट मात्र एकही नाही! म्हणजे कुठला जंतू आहे, त्यावर कुठलं औषध चालतं, हे कुणी पाहिलेलंच नाही.

याचा परिणाम फक्त त्या बाईवर होत नाही. अर्धवट अँटिबायोटिक घेतलं की कमजोर जंतू मरतात, चिवट जंतू उरतात आणि वाढतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर दरवर्षी जंतूंच्या या चिवटपणाचा अहवाल काढते. एके काळी लघवीच्या त्रासावर हमखास दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन आता ई. कोलायवर बहुतेक ठिकाणी चालेनासं झालं आहे. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही औषधं अजून चांगलं काम करतात, पण तीही अशीच वाटेल तशी वापरली तर किती दिवस टिकतील?

ज्यांना सतत त्रास होतो, त्यांना पूर्वी आम्ही डॉक्टर काय देत होतो? रोज रात्री कमी डोसमध्ये एक अँटिबायोटिक, सहा महिने किंवा वर्षभर. त्याने त्रास कमी होतो, हे खरं. पण वर्षभर अँटिबायोटिक म्हणजे चिवट जंतूंना वर्षभर आमंत्रण. इथेच ती जुनी गोळी उपयोगी पडते.

शंभरी पार केलेली गोळी

तिचं नाव मेथेनामाईन हिप्प्युरेट. ‘हिप्रेक्स’ हे तिचं जगभरात जुनं नाव. मेथेनामाईन हा पदार्थ रशियन रसायनशास्त्रज्ञ बुतलेरोव यांनी १८५९ मध्ये तयार केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो लघवीच्या विकारांवर वापरला जाऊ लागला. पुढे सल्फाची औषधं आली, पेनिसिलिन आलं, आणि ही गोळी मागे पडली. आता अँटिबायोटिक्सच थकायला लागल्यावर तिची आठवण झाली.

ती काम कशी करते, ते मोठं गमतीचं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेला बेडूक आठवतो? तो कुजत नाही, कारण तो फॉर्मॅलिनमध्ये असतो. मेथेनामाईन पोटातून रक्तात आणि रक्तातून लघवीत जातं. लघवी आम्लधर्मी असेल, तर तिथे ते फुटून त्यातून अगदी थोडं फॉर्मॅल्डिहाइड तयार होतं, म्हणजे त्या बरणीतल्या द्रवातलंच रसायन. ते मूत्राशयातल्या जंतूंना वाढू देत नाही. रक्त आम्लधर्मी नसतं, त्यामुळे रक्तात ते जवळजवळ तयारच होत नाही. आणि हा मारा इतका सरधोपट आहे, की अँटिबायोटिकला जसे जंतू सरावतात तसे याला सरावत नाहीत.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये वारंवार त्रास होणाऱ्या २४० स्त्रियांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. निम्म्या जणींना वर्षभर रोज कमी डोसचं अँटिबायोटिक, निम्म्या जणींना ही गोळी दिवसातून दोनदा. अँटिबायोटिक घेणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.८९ वेळा त्रास झाला, गोळी घेणाऱ्यांना १.३८ वेळा. म्हणजे अँटिबायोटिक थोडं सरस ठरलं, पण फरक वर्षाला अर्ध्या वेळेचा. अँटिबायोटिक टाळता येत असेल तर एवढा फरक चालण्यासारखा आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर २०२४ मध्ये इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेनेही आपल्या मार्गदर्शक सूचनांत या गोळीला रोजच्या अँटिबायोटिकचा पर्याय म्हणून जागा दिली.

सायरप आणि गोळी यांचं वैर

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही गोळी आम्लधर्मी लघवीतच काम करते. आणि आपल्याकडे उन्हाळी लागली की पहिल्यांदा काय घेतात? जळजळ कमी करणारं ते गोडसर सायरप! त्याच्या लेबलवर ‘सायट्रेट’ लिहिलेलं असतं. ते लघवीतलं आम्ल कमी करतं, म्हणून आग कमी होते. खायचा सोडा आणि पाण्यात फसफसणारी पित्ताची पावडर हेही तेच करतात. एकीकडे गोळी आणि दुसरीकडे रोज दोन-दोन चमचे सायरप घेतलं, तर गोळी नुसतीच पोटात जाते आणि काम न करता बाहेर पडते.

मुरबाडकडची एक अंगणवाडी सेविका माझ्याकडे येत असे. वय पंचेचाळीसच्या पुढे, वर्षात पाच वेळा त्रास झालेला. कल्चर केलं, साखर तपासली, सोनोग्राफी केली. खडा नव्हता, मधुमेह नव्हता. आधी चालू संसर्ग योग्य अँटिबायोटिकने पूर्ण बरा केला आणि मग ही गोळी सुरू केली. महिन्याभराने ती नाराज होऊन आली. “मॅडम, काय फरक नाय.” पिशवी उघडायला सांगितली, तर आत सायरपची बाटली. शेजारणीने सांगितलं म्हणून ती रोज घेत होती. ते बंद केलं. पुढच्या वर्षभरात तिला एकदाच त्रास झाला. एकदा झालाच, हेही सांगायला हवं. ही जादूची गोळी नव्हे.

“मग आंबट खाल्लं तर चांगलं का?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. लिंबू जिभेला आंबट असलं तरी शरीरात गेल्यावर लघवीतलं आम्ल वाढवत नाही, उलट थोडं कमीच करतं. म्हणून या गोळीसाठी मुद्दाम लिंबू पिळून घ्यायची गरज नाही. जेवताना एखादी फोड घेतली तर काही बिघडतही नाही.

कुणाला नको

ही गोळी प्रतिबंधासाठी आहे. आज जळजळ सुरू झाली म्हणून ती घ्यायची नाही, चालू संसर्ग तिने बरा होत नाही. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या अशी लक्षणं असतील तर जंतू किडनीपर्यंत पोहोचले असण्याची शक्यता असते. तेव्हा घरी थांबायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

किडनी नीट काम करत नसेल, यकृताचा गंभीर आजार असेल, गाउट म्हणजे युरिक ॲसिडचा सांधेविकार असेल, तर ही गोळी चालत नाही. सल्फाच्या औषधांबरोबर ती घेतली तर लघवीत खडे धरू शकतात, म्हणून दुसरं कुठलंही औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात स्वतःच्या मनाने मुळीच नको. उलट गरोदर बाईने प्रत्येक तपासणीत लघवी तपासून घ्यावी, कारण तिच्या लघवीत जळजळ नसतानाही जंतू असू शकतात आणि ते किडनीपर्यंत लवकर चढतात. काहींना या गोळीने मळमळ होते, क्वचित अंगावर पुरळ येतं. जेवणानंतर घेतली तर पोटाला त्रास कमी होतो.

आणि आणखी एक. शरीरातलं पाणी फार कमी झालेलं असेल, तर ही गोळी देत नाहीत. वर जिचं वाक्य सांगितलं, त्या वीटभट्टीवरच्या बाईला मी ती दिली नाही. दिवसभर भट्टीच्या धगीत उभं राहून ती जेमतेम दोन-तीन भांडी पाणी पीत होती. तिची जीभ कोरडी, लघवी गडद पिवळी. तिला आधी हवं होतं ते पाणी आणि चार बांबूंना बांधलेला एक आडोसा. मुकादमाला बोलावून मी त्याला हे सांगितलं. आडोसा झाला, चौथ्या दिवशी. माझ्या चिठ्ठीपेक्षा त्या आडोशाने तिला जास्त गुण आला.

पाण्याची ही गोष्ट मी भावनेच्या भरात सांगत नाही. २०१८ मध्ये युरोपातल्या एका अभ्यासात वारंवार त्रास होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्या जणींना ३.२ वेळा. नुसत्या पाण्याने त्रास जवळजवळ निम्मा! पण हे औषध मेडिकलमध्ये मिळत नाही. ते टँकरने येतं, विहिरीतून येतं, आणि ते प्यायलं तर जायला जागा लागते. म्हणून ग्रामसभेत बायकांनी पाण्याबरोबर मुतारीचाही विषय काढला पाहिजे. लाजायचं काही कारण नाही. लाजेने किडनी वाचत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

वारंवार त्रास होत असेल, तर पुढचं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर करून घ्या. जागा साध्या पाण्याने धुऊन, पहिली थोडी धार सोडून, मधली लघवी लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची आणि लवकरात लवकर पोहोचवायची. मुरबाडच्या आतल्या गावाहून येत असाल तर घरून भरून आणू नका, लॅबमध्ये येऊनच द्या. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात ‘प्रोटियस’ नावाचा जंतू निघाला तर ही गोळी फारशी चालत नाही, कारण तो स्वतःच लघवीतलं आम्ल कमी करतो. लघवीत पू दिसतो पण कल्चरमध्ये जंतू सापडत नाही, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर मूत्रमार्गाच्या टीबीचीही तपासणी करावी लागते.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये आणखी एक कारण असतं. तिथली त्वचा कोरडी, नाजूक होते. त्यांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने पुष्कळ फरक पडतो. ते विचारायला संकोच वाटत असेल, तर हे कात्रण डॉक्टरांसमोर ठेवा.

हे लक्षात ठेवा

• सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला तर नुसती गोळी बदलू नका, कारण शोधा.
• मेडिकलमधून विचारून आणलेलं अँटिबायोटिक नको. डॉक्टरांनी दिलेलं अर्ध्यावर सोडू नका.
• मेथेनामाईन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. साधारणपणे १ ग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, काही महिने. लहान गावात ती मागवून घ्यावी लागू शकते, म्हणून संपायच्या आधी सांगून ठेवा.
• ही गोळी चालू असताना सायट्रेटचं सायरप किंवा खायचा सोडा नको.
• लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून.
• धरून ठेवू नका. शौचानंतर धुताना पुढून मागे. संबंधानंतर लघवीला जाऊन या.
• ताप, थंडी, कुशीत कळ, लघवीतून रक्त किंवा गरोदरपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.